चवथीला साइट गेली आणि लोड बॅलन्सर म्हणतोय सगळं हिरवं

गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी मी डिचोलीला मूळ घरी होतो, लॅपटॉप पणजीला खोलीवरच ठेवून आलेलो, मुद्दाम, दोन दिवस तरी कशाला हात लावायचा नाही म्हणून. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट) बांधायला शिडीवर चढलेलो, खालून चुलतभाऊ एकेक वस्तू वर देतोय, सुपारीची शिपटी, कवंडळं, माट्टी, तोरिंग, आणि खिशात फोन वाजतोय. एकदा सोडला, दोनदा सोडला, तिसऱ्यांदा वाजला तेव्हा काका खालून म्हणाले, अरे घे तरी नाहीतर बंद तरी कर, शिडी हलतेय.

फोन आमच्या म्हापशाच्या मिठाईवाल्याचा, त्याची साइट आम्ही सांभाळतो. नेवऱ्या, मोदक, लाडू सगळं ऑनलाइन घेतो आणि चवथ म्हणजे त्याचा वर्षाचा सीझन. "साइट गेली मरे!" मी म्हटलं थांबा दादा बघतो, फोनवर उघडली तर मस्त उघडली. म्हटलं चालतेय की. तो म्हणाला आता चालते, मघाशी नव्हती, आणि बायकोच्या फोनवर अजून नाही. मी रिफ्रेश केलं तर पांढऱ्या पानावर डेटाबेस कनेक्शनची ती एरर. परत रिफ्रेश, चालते. परत, एरर. साधारण एक आड एक.

हे काम करणाऱ्या कुणालाही एक आड एक म्हटल्यावर कळलं असेल. दोन सर्व्हर आहेत, पुढे एचएप्रॉक्सी नावाचा लोड बॅलन्सर, म्हणजे आलेली गर्दी वाटून देणारा, राउंडरॉबिनने पाळीपाळीने दोघांकडे पाठवतो, आणि दोघांतला एक बिघडलाय. प्रश्न हा की बिघडलाय तर लोड बॅलन्सर त्याच्याकडे पाठवतोय कशाला, सर्व्हरला सतत जिवंत आहेस का म्हणून विचारणारा हेल्थ चेक लावलाय ना, त्यासाठीच तर लावलाय. शिडीवरून उतरलो, पडवीच्या टोकाला जिथे रेंजच्या दोन काड्या येतात तिथे जाऊन एचएप्रॉक्सीचं स्टॅट्सचं पान उघडलं, सर्व्हर चालू तर हिरवा, बंद तर लाल दाखवणारं. दोन्ही सर्व्हर हिरवेगार. एल७ओके, २००, म्हणजे चेक पास, पान ठीक मिळालं. मला क्षणभर वाटलं मीच चुकीचं पान बघतोय.

तेव्हा कारण शोधायला वेळ नव्हता. फोनवरच्या टर्मिनलमधून लोड बॅलन्सरवर शिरलो (त्या कीबोर्डवर स्लॅश आणि पाइप शोधणं ही वेगळी शिक्षा आहे), एचएप्रॉक्सीच्या सॉकेटला (चालू असताना त्याला हुकूम द्यायची वाट) डिसेबल सर्व्हर सांगून दुसऱ्या नंबरचा सर्व्हर बाहेर काढला, सगळा लोड पहिल्यावर. मिठाईवाल्याला सांगितलं आता बघा. झालं म्हणाला. मग सावकाश दुसऱ्या सर्व्हरवर गेलो तर कारण दोन मिनिटांत सापडलं आणि ते असं की सांगायला लाज वाटते. आठवड्यापूर्वी मिठाईवाल्याच्या डेटाबेसचा पासवर्ड मी बदललेला, पहिल्या सर्व्हरच्या वर्डप्रेस कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, टाकला, दुसऱ्याच्या विसरलो. मग इतके दिवस कसं चाललं? पुढे पानांचा कॅश, म्हणजे तयार पानांचा साठा, होता, आणि तो मीच आदल्या रात्री साफ केलेला, नवे दर दिसावेत म्हणून.

पासवर्ड टाकला, सर्व्हर परत आत घेतला, माटोळी तोवर भावाने बांधून टाकलेली, वाकडी.

पण डोक्यात एकच, हिरवं का होतं. आणि त्याचं उत्तर मला संध्याकाळी त्याच पडवीत बसून मिळालं. आमचं घर म्हणजे एक दार आणि चार चुली. गणपती एक, राजांगण एक, पण चार भावांचे चार संसार. बाहेरून कुणी आलं आणि "कोण आसा रे घरांत?" म्हणून हाक मारली की पडवीत बसलेले काका आतूनच "आसां, आसां" म्हणतात. येणारा खूश, घरात माणूस आहे. आता त्याला भेटायचंय धाकट्या काकूला आणि ती गेलीय माहेरी हे काकांना काय माहीत, त्यांना कुणी विचारलेलंच नाही. माझा हेल्थ चेक दोन वर्षं हेच करत होता, दर दोन सेकंदांनी दारात उभा राहून नुसती हाक मारत होता, आणि सर्व्हरच्या पडवीत बसलेली कुठलीतरी डिफॉल्ट साइट "आसां" म्हणत होती.

आता नीट सांगतो. आमच्याकडे त्या दोन सर्व्हरवर सात साइट्स आहेत, पाच वर्डप्रेसच्या आणि दोन साध्या एचटीएमएलच्या. मिठाईवाला, पाळोळ्याचं एक गेस्ट हाऊस, फोंड्याकडचं एक देवस्थान, बाकी अशाच. सगळ्यांचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) एकच, आणि सर्व्हरवर पानं देणाऱ्या इंजिनएक्सला कुणाची साइट द्यायची हे कळतं ते फक्त रिक्वेस्टमधल्या होस्ट हेडरवरून, म्हणजे कुठलं डोमेन हवंय ते सांगणाऱ्या ओळीवरून. हा हेडर आज आपण गृहीत धरतो पण एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याचे नियम) १.० आवृत्तीत, म्हणजे १९९६ साली जी कागदावर आली त्यात, तो सक्तीचा नव्हता. १९९७ च्या १.१ मध्ये सक्तीचा झाला, नसेल तर सर्व्हरने ४००, म्हणजे रिक्वेस्टच चुकीची, असं उत्तर देऊन परत पाठवायचं. एका आयपीवर दहा घरं बसवता येतात ती त्या एका ओळीच्या जिवावर.

आणि एचएप्रॉक्सीमध्ये नुसतं ऑप्शन एचटीटीपीचेक लिहिलं की तो जी रिक्वेस्ट पाठवतो ती असते ऑप्शन्स मेथडची (पान न मागता नुसतं काय चालतं ते विचारणारी), स्लॅशला म्हणजे मुख्य पत्त्याला, एचटीटीपी १.० ने, होस्टशिवाय. मला आठवतं, दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा लावलं तेव्हा दोन्ही सर्व्हर लाल झालेले, कारण इंजिनएक्स साध्या फाइलीवर ऑप्शन्स आलं की ४०५, म्हणजे ही मेथड चालत नाही, असं उत्तर देतो. तेव्हा मी काय केलं, मेथड बदलून गेट स्लॅश, म्हणजे सरळ मुख्य पान माग, असं केलं, दोन्ही हिरवे झाले, आणि मी चहाला गेलो. २०० कुठून येतंय हे बघितलंच नाही. तर ते येत होतं इंजिनएक्सबरोबर इन्स्टॉल होणाऱ्या "वेलकम टू इंजिनएक्स" पानावरून. होस्ट नसलेली रिक्वेस्ट डिफॉल्ट सर्व्हर ब्लॉककडे (कॉन्फिगमधला, कुठल्याच साइटचं नाव न जुळलं तर वापरायचा भाग) जाते, तो ब्लॉक मी कधी काढलाच नव्हता. म्हणजे सातच्या सात साइट्स मेल्या असत्या, वर्डप्रेस ज्यावर चालतं ते पीएचपी बंद असतं, डेटाबेस जळून गेला असता, तरी इंजिनएक्स जिवंत असेपर्यंत माझा लोड बॅलन्सर सगळं हिरवं दाखवत बसला असता.

चवथ संपवून पणजीला आलो आणि बसलो दुरुस्तीला. इथून पुढे मी जे केलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं, तेही सांगतो.

पहिलं काम, चेकमध्ये होस्ट घालणे. जुन्या कॉन्फिगमध्ये हे फार घाणेरडं असायचं, त्याच ओळीत आवृत्ती १.१ लिहायची, मग बॅकस्लॅश आर बॅकस्लॅश एन, मग होस्ट, मग स्पेसच्या आधी परत बॅकस्लॅश. एक बॅकस्लॅश हुकला की गेलं. २०२० मध्ये एचएप्रॉक्सी २.२ आलं त्यात एचटीटीपी-चेक सेंड म्हणून सरळ ओळ आली, मेथड, यूआरएल, आवृत्ती, हेडर सगळं वेगवेगळं लिहिता येतं. आमच्याकडे त्याच्यापेक्षा नवीन आवृत्ती होती तरी मी दोन वर्षं जुनंच वापरत होतो, का तर चालत होतं ना.

मिठाईवाल्याचं डोमेन होस्टमध्ये घातलं. हिरवं. पण आता माझा हिरव्यावर विश्वासच उरला नव्हता, म्हणून रात्री दुसऱ्या सर्व्हरवर पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपी चालवणारी सेवा, मुद्दाम बंद केलं आणि स्टॅट्सच्या पानासमोर बसलो. दहा सेकंद, वीस सेकंद, मिनिट झालं. हिरवंच. मग नीट बघितलं तर तिथे लिहिलेलं एल७ओके, आणि पुढे ३०१.

भानगड अशी की एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद जोडणी, उलगडते लोड बॅलन्सरवरच, आतला प्रवास साध्या एचटीटीपीने, आणि इंजिनएक्सला मीच सांगून ठेवलंय की एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडरमध्ये (येणारा मुळात कशाने आला ते सांगणारी ओळ) एचटीटीपीएस नसेल तर ३०१ देऊन सुरक्षित पत्त्यावर पाठव. चेकमध्ये तो हेडर नाही, म्हणून इंजिनएक्स दारातूनच "पुढच्या दाराने या" म्हणत होता, पीएचपीपर्यंत गोष्ट जातच नव्हती. आणि एचएप्रॉक्सीला वेगळं काही सांगितलं नाही तर २०० पासून ३९९ पर्यंत सगळं तो ठीक समजतो. माझ्या मते ३०१ ला ठीक समजणं हे होस्ट नसण्यापेक्षाही जास्त फसवं आहे, कारण होस्ट घातल्यावर आपल्याला वाटतं की आता झालं.

तो हेडर चेकमध्ये घातला, आणि एचटीटीपी-चेक एक्स्पेक्ट लिहून सांगितलं की २०० म्हणजे २००, बाकी काही चालणार नाही. परत पीएचपी बंद केलं. ५०२, ५०२, ५०२, लाल! दर दोन सेकंदांनी एक चेक, सलग तीन चुकले की डाउन, म्हणजे सहा सेकंद. हे आकडे डिफॉल्टच आहेत, परत उठायला सलग दोन बरोबर यावे लागतात. लाल रंग बघून एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता, घरी जाताना रॉस ऑम्लेट खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिठाईवाल्याचा फोन, की आता चवथ झाली, माणसं थकलीत, चार दिवस ऑर्डरी बंद ठेवूया, साइटवर काहीतरी पान लाव. लावलं. आणि मी शहाणा, अशा वेळी २०० देऊ नये, ५०३ द्यावं म्हणजे गूगलला कळतं की तात्पुरतं आहे, म्हणून छान पान आणि बरोबर ५०३, दोन्ही सर्व्हरवर. सहा सेकंदांनी सातही साइट्स बंद.

कळलं का? एचएप्रॉक्सीत सात साइट्सचा बॅकएंड, म्हणजे मागच्या सर्व्हरांचा गट, एकच होता, आणि त्याच्या चेकमध्ये होस्ट एकट्या मिठाईवाल्याचा. त्याच्या पानाने ५०३ दिलं, एचएप्रॉक्सी म्हणाला दोन्ही सर्व्हर मेले, आणि गेस्ट हाऊसपासून देवस्थानापर्यंत सगळ्यांना "नो सर्व्हर इज अव्हेलेबल". धाकट्या काकूने आपली खोली लावून घेतली म्हणून चारही चुलींना बाहेरून कुलूप. पहिला फोन पाळोळ्याहून, दुसरा देवस्थानच्या समितीतल्या आजोबांचा ("बाळा, आमी कितें केलें?"), तिसऱ्याच्या आधी मी ते पान काढलं. एकूण चारेक मिनिटं गेली असतील. साहेब केबिनमधून बाहेर आले, काही बोलले नाहीत, माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि परत आत गेले, ते बोलण्यापेक्षा वाईट.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. प्रत्येक साइटचा बॅकएंड वेगळा. सर्व्हर तेच दोन, आयपी तेच, पण सात वेगळी नावं आणि प्रत्येकाचा स्वतःचा होस्ट असलेला चेक. कुठलं डोमेन कुठल्या बॅकएंडला हे एका मॅप फाइलमध्ये, नवीन साइट आली की तिथे एक ओळ. लोक म्हणतात एवढे बॅकएंड कशाला, कॉन्फिग लांबते. लांबू दे. आता दुसऱ्या सर्व्हरवर मिठाईवाल्याचा पासवर्ड चुकला तर स्टॅट्सच्या पानावरची फक्त त्याची रांग लाल होते, त्याचा ट्रॅफिक पहिल्यावर जातो आणि देवस्थानला पत्ताही लागत नाही.

हे लावल्यावर दुसऱ्याच दिवशी सर्व्हर हळू. हिशोब केला तर सात साइट्स गुणिले दोन सर्व्हर, दर दोन सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सात चेक, दिवसाला सहा लाखांच्या वर! आणि पाच साइट्सवर प्रत्येक चेक म्हणजे वर्डप्रेसचं अख्खं होमपेज, थीम, प्लगइन, विजेट सगळं लोड, बघणारा कुणी नाही. ॲक्सेस लॉग (कोण आलं-गेलं त्याची नोंद) तर असा की खरा माणूस शोधायला चाळणी लावावी लागेल.

म्हणून प्रत्येक वर्डप्रेस साइटमध्ये एक छोटी वेगळी फाइल टाकली. ती शॉर्टइनिट लावून वर्डप्रेस उठवते, म्हणजे फक्त कॉन्फिग वाचतं आणि डेटाबेसला जोडतं, थीम-प्लगइन काही नाही, मग एक फुटकळ क्वेरी आणि "ठीक" एवढं छापून २००. डेटाबेस जोडला नाही की वर्डप्रेस आपणहून ५०० देतं. ती फाइल मेंटेनन्सच्या नियमातून वगळली, नाहीतर आपण लावलेलं सुंदर पान बाजूला राहून लोकांना एचएप्रॉक्सीचं रखरखीत ५०३ दिसेल. लॉग त्या पत्त्यापुरता बंद, आणि लोड बॅलन्सरच्या आयपीशिवाय कुणाला उघडत नाही. चेक दहा सेकंदांवर नेला. म्हणजे बिघाड कळायला तीस सेकंद, मला चालतात, हे काही शेअर बाजाराचं काम नाही. दोन एचटीएमएल साइट्सना वेगवेगळा चेक कशाला, एकीला लावला आणि दुसरीला ट्रॅक लिहून पहिलीची स्थिती बघायला सांगितली. सहा लाखांचे झाले एक लाखाच्या आसपास, तेही हलके.

डेटाबेस चेकमध्ये घ्यावा की नाही यावर आमच्या ऑफिसात वाद झाला. माझ्याबरोबरचा म्हणतो, डेटाबेस दोघांचा एकच आहे, तो पडला तर दोन्ही सर्व्हर एकदम लाल, मग उपयोग काय. त्याचं चूक नाही. पण माझा घात झाला तो एका सर्व्हरचा डेटाबेसशी असलेला संबंध तुटल्यामुळे, डेटाबेस पडल्यामुळे नाही, आणि तो संबंध विचारल्याशिवाय कळत नाही. आणि खरंच डेटाबेस पडला तर तसंही पान उघडणार नाहीच, लाल असो की हिरवं. जिथे अर्धी साइट डेटाबेसशिवाय चालते तिथे त्याचं म्हणणं ऐकावं.

एक गोष्ट राहिली ती गेस्ट हाऊसची. नोव्हेंबरात सीझन सुरू झाला आणि त्याची रांग लाल-हिरवी लाल-हिरवी नाचायला लागली. प्रत्येक साइटला आम्ही एफपीएमचा वेगळा पूल दिलाय, गेस्ट हाऊसच्या पुलात दहा वर्कर, म्हणजे एका वेळी दहाच रिक्वेस्ट. कुठलेतरी बॉट (आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्राम) येऊन दहाही अडवून बसायचे, चेकची रिक्वेस्ट रांगेत ताटकळायची, टाइमआउट, तीनदा, सर्व्हर डाउन. मग सगळी गर्दी दुसऱ्यावर, तो पण गुदमरून डाउन, तोवर पहिला मोकळा होऊन अप. शिमग्यातल्या रोमटासारखं, एक थांबतो तोवर दुसरा नाचतो. सर्व्हर आजारी नव्हतेच, फक्त गर्दी होती. उपाय सोपा निघाला, एचएप्रॉक्सीत त्या सर्व्हरच्या ओळीवर मॅक्सकॉन आठ लिहिलं. आता आठाच्या वरच्या रिक्वेस्ट एचएप्रॉक्सीच्याच रांगेत थांबतात, आणि हेल्थ चेक या आठात मोजला जात नाही, त्यामुळे त्याला दोन वर्कर कायम मोकळे सापडतात. जत्रेच्या दिवसांत देवस्थानच्या साइटवर हेच गणित परत बघावं लागणार, तिथे पूल पाचाचाच आहे.

शेवटी तो डिफॉल्ट ब्लॉक. तो काढला नाही, त्यात वेलकम पानाच्या जागी रिटर्न ४४४ लिहिलं. हा इंजिनएक्सचा स्वतःचा कोड, काही उत्तर न देता कनेक्शन बंद करतो. नाव न घेता दारात हाक मारली तर आता आतून कुणी बोलत नाही. उद्या माझ्याच हातून होस्टशिवाय चेक लिहिला गेला तर तो लगेच लाल होईल.

दिवाळीच्या आधी परत सगळे पासवर्ड बदलायची वेळ आली. बदलले. चहा घेऊन जागेवर आलो तर स्टॅट्सच्या पानावर चौदा रांगांतली एक लाल, दुसरा सर्व्हर, मिठाईवाला, ५००. परत तेच विसरलेलो, तोच सर्व्हर, तीच फाइल. पासवर्ड टाकला, वीस सेकंदांत हिरवी. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा नाव बघूनच पोटात गोळा, पण त्याला फक्त चकलीचा दर बदलायचा होता.